पन्नास प्रॉम्प्ट आणि एक नोटीस

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात दर दोन-तीन महिन्यांनी ‘एआय चॅटबॉट प्रभावीपणे कसा वापरावा’ अशा नावाचं एक सत्र होतं. त्यातली दोन मी स्वतः घेतली आहेत. पहिल्या स्लाईडवर रोबोटचं चित्र, दुसऱ्या स्लाईडवर ‘तू वीस वर्षांचा अनुभव असलेला तज्ज्ञ आहेस’ हे वाक्य, मग पाच नियम, मग टाळ्या आणि समोसे. समोर बसलेली पोरं ते वाक्य फोनमध्ये टिपून घेतात. मीही कधीतरी असंच टिपून घेतलं होतं.

ऑफिसच्या बाहेर याचा बाजार आणखी मोठा आहे. रीलमध्ये एक मुलगा बोट दाखवून सांगतो की तुम्ही चॅटबॉट चुकीचा वापरताय. खाली कॉमेंटमध्ये ‘प्रॉम्प्ट’ असं लिहा, की तुम्हाला पन्नास प्रॉम्प्टची पीडीएफ मिळेल. शिकवणीच्या जाहिराती, वीकेंडची वर्कशॉपं, प्रमाणपत्रं. सगळ्यांचा सूर एकच असतो: या यंत्राला उघडणारे काही मंत्र आहेत, ते आम्हाला माहीत आहेत, तुम्हाला नाहीत.

माझं म्हणणं असं आहे की ही बहुतेक गाईडं नवशिक्याला उलट्या दिशेला पाठवतात. ती यंत्राशी कसं बोलायचं ते शिकवतात, पण आपला प्रश्न नेमका काय आहे हे बघायला शिकवत नाहीत. ती इंग्रजीत विचारायला सांगतात. आणि उत्तर आल्यावर काय करायचं यावर त्यांच्याकडे जवळजवळ काहीच नसतं. हे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला लिहीत नाहीये. ही तिन्ही पापं मी केली आहेत आणि त्यांची किंमत माझ्या आत्याला मोजावी लागली असती.

नोटीस

आमचं गाव बार्शी तालुक्यात. आजोबा गेले आणि काही महिन्यांनी जमिनीच्या वारस नोंदीचा अर्ज झाला. अर्ज काकांनी दिला होता. त्यात काकांचं नाव होतं, माझ्या पप्पांचं होतं आणि आत्याचं नव्हतं. काकांच्या मते हे नेहमीसारखंच होतं, बहिणी हक्क सोडतातच. पप्पांना ते पटलं नव्हतं. गेल्या वर्षी सोयाबीनच्या काढणीच्या तोंडावर त्यांच्या हातात फेरफाराची नोटीस पडली आणि रात्री त्यांचा मला फोन आला.

“आक्काचं नाव लागलंच पायजे. हरकत किती दिवसांत घ्यायची असती, बघ की तुझ्या त्या मशीनला विचारून.”

मी तेव्हा ऑफिसचा एक कॉल म्यूट करून बसले होते. दुसऱ्या खिडकीत चॅटबॉट उघडाच होता. मी सवयीप्रमाणे इंग्रजीत विचारलं. प्रश्नाचा आशय एवढाच होता: भारतात जमिनीच्या म्युटेशनवर हरकत घ्यायची मुदत किती असते? वर तो ‘तू अनुभवी वकील आहेस’ हा मंत्रही घातला. उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. मुद्दे पाडलेले, ठळक अक्षरं, शेवटी नम्र सूचना. मुदत तीस दिवस. मी पप्पांना सांगितलं, “तीस दिवस आहेत पप्पा, काढणी उरकून घ्या.” आणि कॉल अनम्यूट केला.

बाराव्या दिवशी पप्पांनी नोटिशीचा फोटो पाठवला. त्यांना प्रिंट हवी होती. मी फोटो मोठा करून बघितला. खालून तिसऱ्या ओळीत स्वच्छ मराठीत लिहिलं होतं की नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत हरकत नोंदवावी, अन्यथा काहीएक हरकत नाही असं समजून नोंद प्रमाणित केली जाईल.

मी फोन लावला. नोटीस वाचली नव्हती का, असं जरा चिडूनच विचारलं. पप्पा शांतपणे म्हणाले, “आगं, वाचली हुती की. पण तू तीस म्हणलीस. म्हणलं, नवा नियम आला असंल.”

त्या रात्री मी स्वारगेटहून एसटी धरली. चौदाव्या दिवशी आम्ही तलाठ्याकडे हरकतीचा अर्ज दिला आणि पोच घेतली. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच म्हणतात.) नोंद तक्रारी केसमध्ये गेली. पुढचा भाग घरचा आहे, तो इथे सांगत नाही.

पण पप्पांचं ते वाक्य सांगायला हवं होतं. सरकारी कागद त्यांच्या हातात होता, त्यांनी तो वाचला होता, समजला होता. तरीही त्यांनी कागदापेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवला, आणि मी तो विश्वास न वाचलेल्या कागदाबद्दलच्या एका यंत्राच्या उत्तरावर खर्च केला. चॅटबॉटच्या चुकीबद्दल बोलताना आपण नेहमी यंत्र आणि माणूस एवढंच बघतो. प्रत्यक्षात मध्ये एक तिसरा माणूस असतो. घरातला शिकलेला, पुण्यात नोकरी करणारा, इंग्रजी येणारा. त्याच्या तोंडून ते उत्तर बाहेर पडलं की ते यंत्राचं राहत नाही.

चूक कुठे झाली

इंजिनिअर असल्यामुळे मी नंतर त्या संभाषणाची चिरफाड केली. यंत्र अगदीच खोटं बोललं असं म्हणता येत नाही. जमीन महसूल हा राज्यांचा विषय आहे, आणि प्रत्येक राज्याचा कायदा, मुदती, अधिकारी वेगळे. मी ‘भारतात’ असं विचारलं, त्याने भारतभरचं काहीतरी कालवून दिलं. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खाली चालतं. फेरफाराची नोंद गाव नमुना सहामध्ये होते, हितसंबंधितांना नमुना नऊची नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, हरकत आली की प्रकरण नमुना सहा-अ म्हणजे तक्रारी केसेसच्या नोंदवहीत जातं.

आता गंमत बघा. पप्पांनी मला विचारताना ‘फेरफार’, ‘वारस नोंद’, ‘हरकत’ हे शब्द वापरले होते. हे शब्द म्हणजे पत्ता होता. ‘नमुना नऊची नोटीस’ असं म्हटलं की महाराष्ट्र, महसूल खातं, १९६६ चा कायदा हे सगळं त्यात आलंच. मी त्याचं ‘म्युटेशन’ केलं आणि पत्ता पुसून टाकला. माझ्या निरक्षर आजीने हाच प्रश्न तिच्या शब्दांत यंत्राला बोलून विचारला असता, तर बरोबर उत्तर मिळण्याची शक्यता माझ्यापेक्षा जास्त होती.

मी नंतर तोच प्रश्न मराठीत टाकला. नोटिशीतली वाक्यं जशीच्या तशी टाइप केली, नावं आणि गट नंबर गाळून. यावेळी उत्तरात पंधरा दिवस आले, आणि पोच घ्यायला विसरू नका हेही आलं. यंत्र तेच होतं. फरक एवढाच होता की कागद त्याच्यासमोर होता.

म्हणून नवशिक्याला पहिला नियम मी हा सांगेन: सारांश सांगू नका, कागद द्या. पत्र आलंय तर पत्राचा मजकूर द्या. एरर आलाय तर पूर्ण एरर द्या, ‘चालत नाहीये’ असं सांगू नका. सारांश करतानाच आपण तो शब्द गाळतो ज्यात उत्तर असतं, कारण तो महत्त्वाचा आहे हे आपल्याला माहीत नसतं. माहीत असतं तर विचारलं कशाला असतं?

आणि कागद देताना त्यातलं काय काढायचं हेही लगेच शिका. आधार क्रमांक, पॅन, बँकेचं खातं, दवाखान्याच्या रिपोर्टवरचं नाव, दुसऱ्या माणसाचा फोन नंबर. पंधरा दिवसांची मुदत समजून घ्यायला यातलं काहीही लागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन आपली संभाषणं यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापरायची परवानगी चालू आहे का बंद, तेही बघा. कुठल्याच रीलमध्ये हे येत नाही, कारण यात चमत्कार नाही.

‘इंग्रजीतच विचारा’

गाईडवाल्यांचा सगळ्यात लाडका सल्ला म्हणजे इंग्रजीत विचारा, उत्तर चांगलं येतं. हा सल्ला पूर्ण खोटा नाही, आणि म्हणूनच तो जास्त घातक आहे. त्यामुळे आधी त्यात खरं किती ते मान्य करते.

ही यंत्रं मजकुराचे तुकडे करून वाचतात. त्या तुकड्यांना टोकन म्हणतात. आधी आलेल्या टोकनांवरून पुढचं कुठलं येईल याचा अंदाज बांधत बांधत उत्तर तयार होतं. हे तुकडे पाडायची पद्धत मुळात इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून घडली. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ आणलं तेव्हा त्यांनीच एक उदाहरण छापलं होतं. एक छोटंसं नमस्कार-चमत्काराचं बोलणं जुन्या पद्धतीत इंग्रजीत २७ टोकनांत बसायचं आणि मराठीत त्याला ९६ लागायची. नव्या पद्धतीत इंग्रजीला २४ आणि मराठीला ३३. म्हणजे तोपर्यंत मराठी माणूस तेवढंच बोलायला साडेतीनपट जागा भरत होता. जिथे टोकनांवर पैसे मोजतात तिथे साडेतीनपट पैसेही. दरी बरीच बुजली, पण आधी ती होती आणि ‘मराठीत नीट चालत नाही’ हा समज त्या काळातला आहे.

दुसरी अडचण मजकुराची. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख लोक होते. पण इंग्रजी विकिपीडियावर सत्तर लाखांच्या वर लेख आहेत आणि मराठीवर लाखाच्या आसपास. पुण्यातल्याच एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ मध्ये ‘महाकॉर्पस’ नावाचा मराठी मजकुराचा साठा सगळ्यांसाठी खुला केला. दोन कोटी अठ्ठेचाळीस लाख वाक्यं. त्या कामात इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचे हात आहेत आणि त्याबद्दल आपण त्यांचे आभार मानायला हवेत. पण त्या साठ्यातला मोठा भाग बातम्यांचा आहे, कारण जालावर मराठी मुख्यतः तिथेच सापडते. मोठ्या कंपन्यांची यंत्रं बाकी कुठून कुठून मजकूर घेतात ते त्या पूर्ण सांगत नाहीत, पण जाल तर तेच आहे. म्हणून यंत्राची मराठी कधी बातमीसारखी लागते, कधी शासन निर्णयासारखी, आणि पुष्कळदा इंग्रजीवरून उतरवल्यासारखी. बार्शीच्या बाजारातली मराठी त्याने फारशी ऐकलेलीच नाही.

हे सगळं मान्य. कोड लिहायचं असेल, जगभर सारखाच असलेला विषय असेल, तर इंग्रजीत विचारा. मीही दिवसभर तेच करते.

पण आपले सगळे प्रश्न जगभर सारखे नसतात. ‘वापसा आल्याशिवाय पेरू नको’ याचं इंग्रजी करून बघा. ‘जमीन सुकल्यावर’ असं केलं तर चूक, कारण सुकलेली जमीन म्हणजे वापसा नव्हे. ओल आहे पण चिखल नाही, औत चालेल अशी ती मधली अवस्था आहे. शेतकऱ्याच्या पोराने हा शब्द गाळून प्रश्न विचारला, तर उत्तर पंजाबच्या गव्हाचं येईल नाहीतर अमेरिकेतल्या मक्याचं. ‘हुमणी’, ‘सातबारा’, ‘अर्धवेतनी रजा’, ‘पागडी’, ‘डोमिसाइल काढायचंय’, या प्रत्येक शब्दामागे एक कायदा, एक खिडकी, एक हंगाम उभा आहे. तो शब्द घाला. बाकीचं वाक्य इंग्रजी-मराठी मिसळ असलं तरी चालेल. आपण बोलतो तसंच लिहा, किंवा माइक दाबून बोलाच.

सरकारलाही हे उमगलेलं दिसतं. राज्याने २०२५ मध्ये शेतकऱ्यांसाठी महाविस्तार ॲप आणलं, त्यात मराठीत प्रश्न विचारायची सोय ठेवली. ते किती चांगलं चालतं यावर वाद घालू. पण शेतकऱ्याने आधी इंग्रजी शिकून यावं, असं तरी तिथे कोणी म्हणत नाही. ते म्हणतात फक्त आमच्यासारखे पुण्यातले प्रॉम्प्टपंडित.

यातली आणखी एक गोष्ट मला जास्त टोचते. इंग्रजीतच विचारा म्हटलं, की इंग्रजी न येणारा माणूस पुन्हा कोणातरी शिकलेल्याकडे जातो. माझे पप्पा माझ्याकडे आले तसे. हे यंत्र मधला माणूस काढून टाकेल असं आपण म्हणत होतो. या सल्ल्याने मधला माणूस परत आला, आणि तो घाईत होता, त्याचा कॉल चालू होता.

खात्री म्हणजे काय

दुसरा नियम सगळी गाईडं सांगतात, पण एका ओळीत: ‘उत्तर तपासून घ्या.’ कसं, ते कोणी सांगत नाही. नवशिक्याला वाटतं, त्यालाच विचारू.

न्यूयॉर्कमध्ये एका वकिलाने हेच केलं. एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात त्याने चॅटजीपीटीकडून जुने निकाल मिळवले. शंका आल्यावर त्याने यंत्रालाच विचारलं, हा निकाल खरा आहे का? यंत्र म्हणालं, हो, खरा आहे. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी त्या वकिलांना पाच हजार डॉलर दंड केला. ही गोष्ट लांबची वाटत असेल तर जवळची घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या आयकर आकारणीचा आदेश रद्द केला. आकारणी करणाऱ्या अधिकाऱ्याने ज्या निकालांचा आधार घेतला होता, ते निकाल सापडतच नव्हते. एआयने दिलेल्या गोष्टींवर डोळे झाकून विसंबू नका, आधी पडताळा, असं न्यायालयाने बजावलं.

यात सामान्य माणसासाठी लक्षात घेण्यासारखं काय आहे? दुसऱ्या प्रकरणात चूक सरकारी खात्याकडून झाली. म्हणजे उद्या तुमच्या हातात येणारा सरकारी कागदही असा तयार झालेला असू शकतो.

यंत्राला ‘खरं’ आणि ‘खऱ्यासारखं’ यातला फरक आतून जाणवत नाही. आता बरेच चॅटबॉट जालावर शोध घेऊन दुवे देतात, आणि ही मोठी सुधारणा आहे. पण दुवा दिसला म्हणजे खात्री झाली असं नाही. दुवा उघडायचा असतो. मी आता असं करते: उत्तर वाचते आणि त्यात कुठला आकडा, तारीख, नाव किंवा कलम चुकलं तर माझं नुकसान होईल ते शोधते. सगळं तपासायला वेळ कोणालाच नसतो. पण नुकसान करणारी गोष्ट बहुतेक वेळा एक किंवा दोनच असतात. माझ्या बाबतीत ती एकच होती, ‘तीस’. मग ती गोष्ट यंत्राच्या बाहेर जाऊन बघायची. फेरफारासाठी महाभूमीच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ आहे, तिथे नोटिसा दिसतात. औषधाच्या डोससाठी चिठ्ठी आहे, केमिस्ट आहे, डॉक्टर आहे. परीक्षेच्या तारखेसाठी आयोगाचं परिपत्रक आहे. इतिहास-भूगोलासाठी मराठी विश्वकोशाचे वीस खंड फुकट ऑनलाइन आहेत. आणि पुष्कळदा, माझ्यासारखं, उत्तर तुमच्या हातातल्या कागदावरच छापलेलं असतं.

आणखी दोन साध्या सवयी. उत्तर मागायच्या आधी त्याला सांगा: ‘उत्तर द्यायच्या आधी तुला माझ्याकडून काय माहिती हवी ते विचार.’ मी हे केलं असतं, तर त्याने कदाचित पहिलाच प्रश्न ‘कोणतं राज्य?’ असा विचारला असता. आणि प्रश्नात आपलं आवडतं उत्तर घालू नका. ‘बहिणींना हक्क नसतो ना?’ असं विचारलं की यंत्र तुमच्या कलाने बोलायला लागण्याचा धोका असतो. ‘कोणाकोणाला हक्क आहे?’ असं विचारा. ज्या घरात काका पण चॅटबॉट वापरतात त्या घरात हा फरक फार मोठा आहे.

उत्तर कोणी लिहायचं

माझा मावसभाऊ नवी पेठेत राहून एमपीएससी करतो. लातूर, बीड, नांदेडहून आलेली त्याच्यासारखी हजारो मुलं सदाशिव आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरलं तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला हीच मुलं पुण्यात रस्त्यावर उतरली होती, आणि आयोगाने तो बदल २०२५ पर्यंत पुढे ढकलला. आता तो आलाय. गोल काळे करायची सवय लागलेल्या हातांना पानंच्या पानं लिहायची आहेत.

भावाने यावर उपाय काढला. प्रश्न चॅटबॉटला द्यायचा, उत्तर लिहून घ्यायचं, ते पाठ करायचं. प्रस्तावना, पाच मुद्दे, समतोल निष्कर्ष. तीन महिन्यांनी त्याच्याकडे शंभरेक उत्तरं होती. मग सराव परीक्षेत ओळखीच्या विषयावर थोडा फिरवून प्रश्न आला आणि त्याला दुसरं पान भरता येईना. मला म्हणाला, “ताई, सगळं वाचलेलं आठवत होतं, पण मला काय म्हणायचंय तेच कळेना.”

पन्नास प्रॉम्प्टच्या पीडीएफमधला निम्मा माल याच कामाचा असतो: निबंध लिहून दे, रेझ्युमे लिहून दे, माफीचं पत्र लिहून दे. मी सरसकट विरोध करणार नाही. गॅस एजन्सीला तक्रार लिहायची असेल तर खुशाल लिहून घ्या, त्यातून तुम्हाला काही शिकायचं नाहीये. पण जे काम करण्यातून तुम्ही तयार होणार आहात ते काम देऊन टाकलं, तर हातात फक्त कागद राहतो. मी ऑफिसात हेच बघते. नवीन आलेली मुलं यंत्राकडून कोड घेतात, तो चालतोही, आणि रात्री दोन वाजता सर्व्हर पडला की तो कोड काय करतो हे कोणालाच सांगता येत नाही.

भावाने आता क्रम उलटा केलाय. आधी स्वतः हाताने लिहायचं, घड्याळ लावून. मग ते टाइप करून यंत्राला द्यायचं आणि म्हणायचं: ‘तू परीक्षक आहेस. कौतुक करू नकोस. कुठला मुद्दा पुराव्याशिवाय आलाय, कुठे प्रश्न सोडून भरकटलोय ते दाखव. उत्तर पुन्हा लिहून देऊ नकोस.’ हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, नाहीतर ते लिहून देतंच. सुरुवातीला त्याची चीडचीड झाली, कारण या पद्धतीत दिवसाला दोनच उत्तरं होतात. पण ती दोन त्याची असतात.

‘पण आता सुधारलंय ना?’

हे वाचून माझे सहकारी म्हणतील, तू जुन्या चुका उगाळतेस. नवी मॉडेलं स्वतः शोध घेतात, विचार करतात, राज्य न सांगताही अंदाज बांधतात. खरं आहे. आज तोच प्रश्न टाकला तर कदाचित बरोबर उत्तर येईल.

पण यंत्र शंभरात दहा वेळा चुकत होतं तेव्हा आपण सावध होतो. ते शंभरात एकदा चुकायला लागलं की आपण कागद बघणं सोडतो, आणि ती एक चूक कोणाच्या वाट्याला येईल हे आधी कळत नाही. माझ्याकडे चूक झाली तर मी कोड मागे घेते, पुन्हा टाकते. वारस नोंदीत तसं नसतं. प्रमाणित झालेल्या नोंदीविरुद्ध अपिलाची वाट आहे, प्रांताकडे जाता येतं, पण त्यात हेलपाटे, वकील, वर्षं. साठीला टेकलेल्या आत्याने ते केलं असतं का? ती म्हणाली असती, जाऊ दे. अशा ‘जाऊ दे’वरच तर पिढ्यान्‌पिढ्या बायकांची नावं सातबाऱ्यावर लागली नाहीत.

दुसरा आक्षेप असा येईल की मी सामान्य माणसाला घाबरवतेय. अजिबात नाही. मला हे यंत्र आवडतं. सरकारी मराठी समजावून सांगण्यात ते माझ्यापेक्षा जास्त धीराने वागतं. ‘प्रमाणित’ म्हणजे काय, ‘हितसंबंधित’ म्हणजे कोण, हे पप्पा त्याला दहादा विचारू शकतात, ते वैतागत नाही आणि कॉलही म्यूट करत नाही. म्हणूनच ते थेट पप्पांच्या हातात जायला हवं, त्यांच्या भाषेत, त्यांच्या कागदासकट. आमच्यासारख्यांनी मंत्र विकत मध्ये उभं राहण्याची गरज नाही.

ऑफिसातलं माझं सत्र पुढच्या महिन्यात पुन्हा आहे. रोबोटचं चित्र काढून टाकलंय. पहिल्या स्लाईडवर ती नोटीस असेल, नावं आणि गट नंबर काळे केलेली. मी सगळ्यांना विचारणार आहे, मुदत किती दिवसांची आहे? मला खात्री आहे, निम्मे लोक फोन काढतील.

पप्पांनी आता स्वतःच्या फोनवर चॅटबॉट घेतलाय. परवा त्यांनी पीकविम्याचं काहीतरी विचारलं आणि मला उत्तराचा स्क्रीनशॉट पाठवला. खाली लिहिलं होतं, “हे म्हणतंय ७२ तास. पावतीवर काय लिवलंय ते बघून मग सांगतो.”